थंडीचं जेवण शेतात ठरतं

मार्गशीर्ष अमावस्येच्या दुपारी लातूरच्या गंजगोलाईत शुकशुकाट असतो. एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथे दुकानांची शटरं खाली, रिक्षा तुरळक, शाळा-कचेऱ्यांना जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली स्थानिक सुट्टी. गाव जेवायला शेतात गेलेलं असतं. ज्याची जमीन आहे तो आपल्या शेतात. ज्याची नाही त्याला कुणीतरी आधीच आवतण दिलेलं असतं. बदली होऊन आलेला परजिल्ह्यातला बँकवाला, शिकवणीसाठी खोली घेऊन राहणारी पोरं, शेजारचे डॉक्टर, सगळे कुणाच्या ना कुणाच्या बांधावर. कॅलेंडरात ही वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडे आणि सोलापूरच्या काही भागात लोक म्हणतात येळवस. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीतही हाच सण याच दिवशी असतो.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी कोप बांधतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांच्यापुढे नैवेद्य होतो, आंबिलीत डहाळी बुडवून उभ्या पिकावर शिंपण होतं आणि मग पंगत बसते. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात. पूजेच्या रीती गावागणिक बदलतात, ताट मात्र फारसं बदलत नाही. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी नाहीतर धपाटे, आंबट भात, गुळातली गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी.

बाहेरच्या माणसाला भज्जी म्हटलं की कढईतली भजी आठवतात. ही पातेल्यात शिजते. आदल्या संध्याकाळी घराघरांत बायका शेंगांचा ढीग पुढ्यात घेऊन बसतात. तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, वालाचे दाणे, भुईमुगाचे दाणे. सोलणं संपता संपत नाही, आणि खरं तर त्या सोलण्यातच सण सुरू होतो, कारण त्यासाठी सासू-सुना, जावा-नणंदा, शेजारणी एकत्र बसाव्या लागतात. मग चाकवत, पालक, मेथी, कांद्याची पात, वांगी, गाजर चिरून पडतात. हे सगळं उकडलं की आंबट ताकात कालवलेलं डाळीचं पीठ त्यात सोडायचं आणि पळी न थांबवता ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. हिरवी मिरची आणि लसूण हात राखून घालायचा पदार्थच नव्हे हा. रात्री केलेली भज्जी दुसऱ्या दिवशी शेतात पोचेपर्यंत घट्ट होते, दाण्यादाण्यात आंबटपणा मुरतो, आणि भाकरीच्या तुकड्यावर ती थापून घेता येते. गरम असताना ती निम्मीच चांगली लागते, हे खाल्ल्याशिवाय पटत नाही.

आंबील त्याहून साधी. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, निवल्यावर त्यात ताक घालायचं, वाटलेला लसूण, आलं-मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर. मातीच्या बिंदग्यात ती रात्रभर राहते आणि सकाळी बिंदगं डोक्यावरून शेतात जातं. माती पाझरते, त्यामुळे दुपारी दोन वाजताही आंबील गार असते. तोंडाला आधी आंबट लागते, मग लसूण येतो, आणि शेवटी ज्वारीचा गोडसर पिठूळपणा जिभेवर राहतो. मोठी माणसं तांब्याने पितात.

ऐन थंडीत गार, आंबट ताकाचं पेय? हिवाळ्याच्या खाण्यावर लिहिणारे बहुतेक जण इथेच अडखळतील, कारण थंडीत उष्ण खावं एवढं एकच सूत्र आपल्याला पाठ असतं. ते सूत्र खोटं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात, ऋतुचर्या सांगताना म्हटलं आहे की हेमंतात बाहेरच्या गारव्यामुळे शरीरातला अग्नी आत कोंडला जातो, बलवान होतो, आणि त्याला जड, स्निग्ध अन्नाचं सरपण लागतं. ते मिळालं नाही तर तो शरीरातलाच रस जाळतो. तूप, तीळ, गूळ, डिंक ही सगळी मंडळी या तर्काने ताटात येतात. पण मराठवाड्याच्या पठारावर डिसेंबरची दुपार तापलेली असते. थंडी तिथे रात्री आणि पहाटे. भर उन्हात शेतात बसलेल्या माणसाला आंबीलच हवी असते.

माझं म्हणणं असं की आपल्याकडचं हिवाळ्याचं जेवण थर्मामीटरने ठरलेलं नाही. ते ठरलं आहे त्या पंधरवड्यात शेतात काय हिरवं उभं आहे आणि खळ्यावरून नुकतं काय घरात आलं आहे यावर. भज्जीतला एकेक दाणा तपासा. तूर भरली आहे पण वाळलेली नाही, हरभऱ्याला घाटे धरले आहेत, पालेभाज्यांना अजून ऊन लागलेलं नाही. महिनाभर आधी यातलं निम्मं मिळत नाही, महिनाभराने निम्मं निबर होतं.

बाजरीचंही तेच. बाजरी उष्ण म्हणून हिवाळ्यात खातात हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. पण बाजरी हे खरिपाचं पीक. नवी बाजरी सप्टेंबर-ऑक्टोबरात घरात येते. शिवाय तिच्या दाण्यात इतर तृणधान्यांच्या मानाने तेल जास्त, आणि दळल्यावर ते तेल लवकर खवट होतं. उन्हाळ्यात बाजरीचं पीठ चार दिवसांत कडवट लागायला लागतं, थंडीत ते जास्त टिकतं. म्हणून जुन्या बायका बाजरी थोडी थोडी दळून आणत, आणि उन्हाळा लागला की ज्वारीवर येत. पोटातल्या उष्णतेइतकाच हा पिठाच्या डब्यातला अनुभव आहे. तिळाचं पीक दिवाळीच्या आगेमागे निघतं. उसाची गुऱ्हाळं तेव्हाच पेटतात, आणि कोल्हापूरच्या बाजार समितीत पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या गुळाचे सौदे निघतात. जानेवारीत संक्रांत येते तोवर तीळही नवे, गूळही नवा. तिळगूळ आपण एकमेकांच्या हातावर ठेवतो तेव्हा दोन ताजी पिकं हातावर ठेवत असतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी हा तर या सगळ्याचा हजेरीपटच. वांगी, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, ओले शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे, वरून तिळाचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाची खिचडी. पुण्या-मुंबईच्या मंडईत आता या भाजीचा तयार वाटा मिळतो, सगळं थोडं थोडं घालून बांधलेला. नोकरी करणाऱ्या बाईला त्याचा मोठा आधार आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त त्यातली बोरं गोड आहेत का आंबट हे भाजी शिजल्यावरच कळतं, तेवढी ती आधी चाखून घ्यावीत.

*

हिवाळ्यात खानदेशात पाहुणा आला तर त्याला काय खायला घालायचं याची चर्चा होत नाही. भरीत. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं असोदा, बहिणाबाई चौधरींचं माहेर, ही गावं भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेली. जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही वांगी जांभळी नसतात. फिकट हिरवी, पांढरट रेघांची, लांबट आणि फुगीर, हातात घेतली की भारी भरणारी. बिया कमी, गर जास्त आणि चव गोडसर.

भाजण्याची रीत मी यावलकडच्या एका मळ्यात नीट बघितली. गॅसची शेगडी नाही, कोळसा नाही. तुरीच्या वाळलेल्या काड्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. त्यांचा जाळ मोठा पण अल्पजीवी. तो वांग्याला चारी बाजूंनी चाटून जातो. साल काळी ठिक्कर होते, वांगं मऊ पडून बसतं, देठाजवळून रस फुटून निखाऱ्यावर चरचरतो. मग हात पाण्यात बुडवत बुडवत गरम असतानाच साल ओढून काढायची. वांगं पाण्यात बुडवलं की चव गेली. पाणी फक्त बोटांना. सोललेला गर आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या लाकडी बडगीत घालून मुसळाने ठेचतात. बडगी म्हणजे जाड लाकडाचं कोरलेलं पसरट भांडं. मिक्सरमध्ये गर पातळ होतो, बडगीत त्याचे धागे राहतात. दाताखाली येणारे हे धागे म्हणजेच खानदेशी भरीत. वरून तेलात तळलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, ठेचलेला लसूण, मूठमूठ कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, मसाला नाही. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, आणि मुळा.

लेवा पाटीदार घरांत भरीत करण्याचं काम बरेचदा पुरुषांकडे असतं, कारण ते अंगणात किंवा मळ्यात, शेदोनशे माणसांसाठी होतं. जळगाव-भुसावळात हंगामात भरीत किलोवर विकलं जातं, आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या खानदेशी लोकांसाठी त्याचे डबे रात्रीच्या बसने, रेल्वेने निघतात. सकाळी डबा उघडला की घरभर पऱ्हाटीच्या धुराचा वास पसरतो. तो धूर शहरातल्या स्वयंपाकघरात काही केल्या तयार होत नाही.

भरताला धर्माचीही एक वेळ आहे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य असलेल्या घरांत मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग वांगं पुन्हा ताटात येतं. पावसाळी, किडकी वांगी टळतात आणि हिवाळी, भरलेल्या वांग्याने सुरुवात होते. ज्याने कुणी हा नेम बसवला त्याला वांग्याची पारख होती.

*

सह्याद्री उतरून रायगडात आलं की पोपटी. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर अलिबाग, पेण, रोहा, माणगावकडे वाल पेरतात. डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की रात्री शेतावर मडकं लागतं. मडक्याच्या तळाशी आणि बाजूंनी भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा. बांधावर आपोआप उगवणारं, उग्र वासाचं हे तण गुरंही सोडून देतात. पोपटीत मात्र तेच जीव आणतं. मग वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा, बटाटे, रताळी, कुणाकडे अंडी, कुणाकडे मसाला लावलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने तापल्या मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. आवाज करत पाणी तत्काळ उडालं की पोपटी झाली. केळीच्या पानावर मडकं रितं केलं की शेंगा पाल्याच्याच वाफेवर शिजलेल्या, किंचित कडसर सुगंधाच्या निघतात. दक्षिण गुजरातेत, वलसाडकडे, उंबाडियू याच जातीचं, त्यात पापडी आणि कंदमुळं जास्त.

विदर्भात याच दिवसांत तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी होते. दाणे तव्यावर भाजून, लसूण-मिरचीबरोबर भरड वाटून. डाळीच्या वरणाला तिची सर नाही. जानेवारीत नागपूरला जाणाऱ्याने हॉटेलातल्या सावजी रश्श्याआधी कुणाच्या घरी ही आमटी मागून खावी.

*

शहरातल्या घराला शेत नाही. त्याच्या वाट्याला डिंकाचा लाडू आला आहे, आणि त्याला लोक शहरी, सुखवस्तू पदार्थ समजतात. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस रानातून किंवा कोरड्या मुलखातून येतो. डिंक बाभळीचा नाहीतर धावड्याचा. सातपुड्यात आणि विदर्भातल्या जंगलांत आदिवासी कुटुंबं झाडाच्या सालीवर पाझरून सुकलेले खडे वेचतात. उजळ, पारदर्शक खडा महाग. साल चिकटलेला, काळपट खडा स्वस्त.

लाडू बिघडतो तो पाकाने कमी, डिंकाने जास्त. डिंक आधी उन्हात वाळवावा, मोठे खडे फोडून सारखे करावेत. तूप मध्यम तापलं की एका वेळी चमचाभरच डिंक सोडायचा. तो क्षणात फुलून लाहीसारखा पांढरा होतो. आच मोठी असेल तर खडा वरून फुलतो आणि आत काचेसारखा कच्चा राहतो. तोच मग दाताला चिकटतो. प्रत्येक घाण्यातला एक खडा बोटांनी चिरडून बघायचा. पूर्ण भुगा झाला तर बरोबर. फुललेला डिंक वाटीने चुरायचा, पीठ करायचं नाही. त्यात खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, बदाम, गोडंबी, सुंठ, जायफळ, आणि गुळाचा नुसता विरघळलेला, पाकाच्या वळणावर न गेलेला रस. मेथी घालायची तर तिचं पीठ आठवडाभर आधी तुपात भिजवून ठेवतात, कडूपणा उतरतो. हात भाजत असतानाच लाडू वळावे लागतात. मिश्रण निवलं की ते मोकळं होतं आणि मग तुपाचा हात घेऊनही ऐकत नाही.

गोडंबीपाशी जरा थांबायला हवं. गोडंबी हा बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा म्हणजे तोच, ज्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत. त्याच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, सूज येते, जखमा होतात. आणि तरीही विदर्भ-मराठवाड्यात बिब्बे फोडून गर काढण्याचं काम बायका हातानेच करतात. दगडावर बिब्बा ठेवायचा, घाव घालायचा, टरफल फुटलं की गर अलगद सुटा करायचा. हातापायांवर काळे डाग, उललेली कातडी, चेहऱ्यावर उडालेल्या थेंबांच्या खुणा. बदामाच्या बरोबरीने मिरवणाऱ्या त्या गोडंबीच्या किमतीतला फार थोडा भाग त्या हातांपर्यंत पोचतो. लाडवाची पाककृती छापताना ‘गोडंबी पाव वाटी’ एवढंच लिहून आपण मोकळे होतो. मी यापुढे तसं लिहिणार नाही. ज्या वस्तूने आपलं अंग भरून येतं ती काढताना कुणाचं अंग भाजत असेल, तर त्या कामाला हातमोजे, फोडण्याचं साधं यंत्र आणि नीट मजुरी मिळणं हा लाडवाच्या चवीइतकाच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. ते होईपर्यंत गोडंबी वगळून, बदाम वाढवून केलेला लाडूही उत्तम होतो.

अळिवाच्या लाडवाची गोष्ट वेगळी. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे. दोन-तीन तासांत प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक वेष्टण येतं आणि वाटीभर दाण्यांचं पातेलंभर होतं. ओला नारळ, गूळ, जायफळ, मंद आचेवर आटवणं, झालं. बाळंतिणीचा म्हणून तो बाजूला पडला, पण थंडीतल्या सकाळी एक लाडू आणि कपभर दूध हा कुणालाही पुरणारा नाश्ता आहे. ओल्या नारळामुळे तो टिकत नाही. आठवड्यात संपेल एवढाच करावा.

*

पेयांबद्दल विचारलं की लोक मसाला दूध सांगतात, आणि आल्या-गवती चहाचा उकळता कप. दोन्ही आहेतच. पण हिवाळ्याचं खरं घरगुती पेय मला विचाराल तर हुलग्याचं. हुलगे म्हणजे कुळीथ, हलक्या माळरानाचं कडधान्य. हुलगे भाजून दळलेलं पीठ पाण्यात कालवून शिजवलं की माडगं. गूळ घालून किंवा मीठ-जिरं लावून, वर तुपाची धार. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाला पहिल्या चार घोटांतच घाम फुटतो. कोकणात हुलगे शिजवून निघालेल्या पाण्याचं कढण होतं, आणि पिठी-भात तर रोजचाच.

जुन्नर-आंबेगाव आणि अहिल्यानगरकडे याच पिठाचे शेंगोळे. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण, तिखट, मीठ, घट्ट मळायचं आणि तळहातावर सुतळीएवढ्या जाडीची वळी करून कडं घालायचं. फोडणीच्या उकळत्या पाण्यात ती कडी सोडायची. शिजताना त्यांचं पीठ सुटून रस्सा दाटतो. शेंगोळे खायचे आणि रस्सा वाडग्याला तोंड लावून प्यायचा. या जेवणात भाजी, आमटी, भाकरी असं वेगळं काही नसतं; एका पातेल्यात सगळं घर जेवतं. पोर्शनच्या भाषेत बसत नसल्यामुळेच बहुधा हॉटेलांनी त्याला हात लावलेला नाही.

एक गोष्ट तर आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. हरभऱ्याच्या पानांवर थंडीत आम्लाचे बारीक थेंब जमतात. पिकातून चालत गेलं की पायांना चुरचुरतं ते त्यामुळे. पूर्वी रात्री पिकावर स्वच्छ पांढरं फडकं पसरत, पहाटे दवाने ओलं झालेलं ते फडकं वाटीत पिळत. ती हरभऱ्याची आंब. बाटलीत भरून ठेवलेली ही आंब पोटदुखीला, अजीर्णाला पाण्यातून देत. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं त्यात असतात, हे पुढे प्रयोगशाळेने सांगितलं. आज पिकावर घाटेअळीसाठी फवारण्या इतक्या होतात की तसं फडकं पसरायची हिंमत करू नये. ज्याचा हरभरा फवारणीशिवायचा आहे त्यानेच करून बघावं.

*

आता हुरड्याकडे येतो, कारण या सगळ्यातली सर्वांत लाडकी आणि सर्वांत धोक्यात असलेली गोष्ट तीच आहे. ज्वारीच्या कणसात दाणा दुधातून बाहेर पडून घट्ट होऊ लागतो, पण कडक झालेला नसतो, अशी जेमतेम आठवडाभराची अवस्था असते. तेव्हा दाण्यात साखर भरपूर असते. पुढे तिचा स्टार्च होतो आणि गोडी जाते. म्हणून हुरडा वाट पाहत नाही. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची आगटी, तिच्यात खुपसलेली कणसं, आणि कणीस बाहेर निघालं की पोळत्या हातांनी ते चोळणारा माणूस. हे चोळणं येरागबाळ्याचं काम नाही. जोर जास्त झाला तर दाणा चेंगरतो, कमी झाला तर कूस राहते आणि घशात टोचते. फुंकर घालून दिलेला हिरवा, धुरकट, चिकट मूठभर हुरडा, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गूळभेंडी आणि सुरती ही जुनी हुरड्याची वाणं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर ही खास हुरड्यासाठी दिली. उरलेला हुरडा सावलीत सुकवून ठेवला की उन्हाळ्यात त्याची उसळ होते.

हल्ली हुरडा पार्ट्यांची केंद्रं पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरभोवती रस्तोरस्ती दिसतात. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर ते चांगलंच आहे. गैरसमज मात्र होऊ नये. एकरभर हुरड्याला गिऱ्हाईक मिळालं म्हणजे ज्वारी वाचली असं नाही. देशात १९६०-७०च्या दशकांत ज्वारी दीड कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर होती. आता ती चाळीस लाखांच्या आसपास उरली आहे. मराठवाड्यात खरिपाची ज्वारी सोयाबीनने हटवली. रब्बीत हरभरा पुढे सरकतो आहे, कारण हरभऱ्याला मळणीयंत्र, हार्वेस्टर चालतं, आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मुळासकट हाताने उपटून काढावा लागतो. त्या कामाला माणूस मिळत नाही. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ मिळत गेला आणि घरोघरी भाकरीची जागा पोळीने घेतली. येळवशीला काही गावांत आता कोपीसाठी कडबाही शेजारून मागून आणावा लागतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, भाषणं झाली, बिस्किटं निघाली. भाकरी थापणारे हात त्यामुळे वाढले असं मला दिसलं नाही.

आणि तरी ही ज्वारी सोडण्यासारखी नाही. परतीच्या पावसानंतर काळ्या रानात जी ओल उरते, तेवढ्यावर शाळू उभा राहतो. दाणा माणसाला, कडबा गुरांना. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण इतक्या वर्षांनीही शेतकरी पेरतात, कारण त्याच्या भाकरीची चव आणि मऊपणा नव्या वाणांना जमलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबील, भज्जीसोबतची भाकरी, कळणा, शेंगोळ्यातलं पीठ, हुरडा, यातली एकही गोष्ट ज्वारीवाचून होत नाही. ज्वारी गेली तर हिवाळ्याचं निम्मं ताट पाककृतींच्या पुस्तकातच उरेल.

म्हणून वाचकांना एकच विनंती. या हंगामात हुरडा जरूर खा, पण तेवढ्यावर थांबू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा शाळू बाजारात येईल. तेव्हा दुकानात नुसती ‘ज्वारी’ मागू नका. मालदांडी आहे का, मंगळवेढ्याची आहे का, ते विचारा. ओळखीचा शेतकरी असेल तर त्याच्याकडून वर्षाची ज्वारी एकदम घ्या आणि मजुरी धरून तो सांगेल तो भाव द्या. आठवड्यातून निदान चार दिवस तिची भाकरी करा. पुढच्या येळवशीला कुणी आवतण दिलं तर नाही म्हणू नका.